थांबा डॉक्टर

डॉक्टर काटेखाये पेशंटला आधी 'थांबा' म्हणायचे आणि मग 'बसा'. ताप असो, खोकला असो, त्यांचा पहिला शब्द तोच. विंचू चावलेल्या माणसाच्या बाबतीत तरी ते घाई करतील असं वाटायचं. पण तेव्हाही तोंडाने "थांबा, थांबा, पाह्यतो ना मी" चालू, आणि हात मात्र भराभर इंजेक्शन भरत असायचे. लाखनी आणि साकोलीच्या मधे, हमरस्त्याला लागून आमचा सरकारी दवाखाना होता. तिथे त्यांना काटेखाये कुणी म्हणतच नसे. खेड्यावरचा माणूस बसमध्ये चढला की कंडक्टरला सांगायचा, "थांबा डॉक्टरपाशी उतरवून दे जी." बसचा थांबाही दवाखान्यासमोरच होता, त्यामुळे नवख्या कंडक्टरचा हटकून गोंधळ उडे.

मी तिथे नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा डॉक्टर चाळिशीला टेकले होते. नाकाडोंगरीकडचा माणूस. अंगाने जाड, मान आखूड, रंग तव्यासारखा. चालताना दोन्ही हात पाठीशी बांधलेले. मनगटाला पट्टा सहन होत नसे म्हणून घड्याळ शर्टाच्या खिशात. डॉक्टरकी नागपुरात शिकले होते, पण बोलणं गावचंच ठेवलं होतं. भंडाऱ्याहून वरचे साहेब तपासणीला आले तरी त्यांच्यासमोर 'मले' आणि 'तुले' बिनधास्त चालू. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडत. डॉक्टरांना त्या दिसत नसत, की दिसूनही ते दाखवत नसत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लेकरांना तपासायची त्यांची एक तऱ्हा होती. ते खुर्ची सोडून बुटक्या पाटावर बसत, म्हणजे त्यांचं तोंड लेकराच्या तोंडासमोर येई. स्टेथोस्कोप तळहातात धरून गरम करत आणि विचारत, "काय मालक, कुठं दुखून राह्यलं?" आई मधेच सांगू लागली की हात वर करून तिला अडवत. "तुमी थांबा ना बाई. आंग त्याचं हाये. मालकाले बोलू द्या, आपण राखणदार."

तीन वर्षांचा मालक बहुतेक वेळा भोकाड पसरत असे. तरी ते विचारायचं सोडत नसत.

एकदा एक शेतकरी नवरा-बायको वर्षाच्या आतलं पोर घेऊन आले. पोराची लघवीची जागा सुजून लाल झाली होती. पुढची कातडी मागे सरकत नाही, म्हणून घरातल्या कुणा जाणत्या बाईने रोज तेल लावून ओढायला सांगितलं होतं, आणि आई बिचारी रडत रडत रोज ओढत होती. आता कुणीतरी 'कापूनच टाका' म्हणून सुचवलं होतं. डॉक्टरांनी पोराला हात लावला तसं ते किंचाळलं. मी डॉक्टरांना चिडलेलं क्वचितच पाहिलं, त्या दिवशी पाहिलं. पण आवाज चढला नाही.

"धान लावता ना तुमी?" त्यांनी बापाला विचारलं.

"हाओ जी."

"लोंब निसवाच्या आधी पोटरी फाडून पाह्यता का कधी, आत दाना भरला का नाही म्हणून?"

बाप हसला. "कायले फाडीन जी? आपल्या वेळेवर निसवते थो."

"मंग हे बी आपल्या वेळेवर सुटीन. कोणाचं तीन वर्सांत, कोणाचं पाच, कोणाचं याहून उशिरा. हात नोका लावू. कापाची तं गोष्टच नोको." मलम देताना आईकडे पाहून ते आपलं नेहमीचं वाक्य बोलले, "बाई, शिवलेलं उसवता येते, कापलेलं लावता येत नाही."

पण कापायलाच हवं तिथे मात्र हाच माणूस हट्टाला पेटे. भैयालाल नावाचा एक तरणा मुलगा बापाबरोबर आला होता. लग्न ठरलेलं. वर्षानुवर्षं जागा पिकून पिकून त्याची कातडी आवळून गेली होती आणि लघवी थेंब थेंब होत होती. लाजेपायी त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हे थांबण्यातलं काम नाही. एवढी कातडी काढून टाकू." बाप ताडकन उठला. "काय बोलून राहिले डॉक्टर? लोक म्हनतीन, पोट्ट्याले मुसलमान करून आणला! सोयरीक मोडीन माह्यी."

डॉक्टरांनी बापाला रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा प्यायला पाठवलं आणि भैयालालला विचारलं, "तू सांग मालका. तुले काय पायजे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "करून टाका जी. लघवीले बसलो का डोळ्यांत पानी येते."

बाप चहा पिऊन, पान खाऊन आला तोवर टाके घालून झाले होते. "काय केलं त्याले?" तो ओरडला.

"तुमच्या पोराले इचारा. त्याचं आंग, तोच सांगीन."

"अन् मी बाप हाओ ना त्याचा!"

"म्हणूनच तं चहाले धाडलं."

लग्न पार पडलं. डॉक्टरांना पहिल्या पंगतीत बसवलं होतं. भैयालालचा बाप त्यांच्या पानाशी आला की मान फिरवून वाढायचा. पण भात मात्र दोनदा जास्तीचा वाढून गेला.

त्याच सुमाराला आणीबाणी आली आणि नसबंदीची शिबिरं सुरू झाली. वरून सारखी विचारणा व्हायची. गाडीत भरून माणसं आणली जायची. डॉक्टर प्रत्येकाला टेबलावर घेण्याआधी विचारत, "तुले कोणी धरून आणलं का आपल्या मनानं आला?" 'धरून आणलं' म्हणाला की त्याला मागच्या दाराने काढून देत. ठरवून दिलेला आकडा भरेना म्हणून त्यांचा पगार कितीतरी दिवस अडकला होता. पण त्यांच्या हातून ऑपरेशनं झालीही. आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं, की हा कापणारा सरकारी डॉक्टर आहे.

हमरस्त्यावर मुसलमानांची काही घरं होती. कुणाचं ट्रक दुरुस्तीचं, कुणाचं बांगड्यांचं, कुणाचं कापडाचं दुकान. दर हिवाळ्यात बाहेरगावचा एक खलीफा, म्हणजे सुंता करणारा न्हावी, येऊन मुलांचा खतना करून जाई. हात त्याचा साफ होता, पण जखमा कधी कधी चिघळायच्या आणि मग आमच्याकडे यायच्या. म्हणून डॉक्टरांनी लोकांना सांगून ठेवलं होतं, दवाखान्यात आणा, जागा बधिर करून मी करून देतो. दोन-चार घरं येऊ लागली. डॉक्टरांच्या अटी असत. ताप-खोकला असला तर नाही. पोरगा घाबरलेला असला तर आज नाही. आणि सोन्याची चिड़िया दाखवायची नाही. म्हणजे 'वर बघ बेटा, सोन्याची चिड़िया उडाली' म्हणून पोराची नजर फिरवायची आणि तेवढ्यात कापायचं, अशी जुनी रीत होती. डॉक्टरांना ती मुळीच सहन होत नसे. "खोटं बोलून कापाल तं पोरगा उद्या चिमणीवर बी भरोसा नाही करणार," म्हणायचे. ते पोराला सरळ सांगत की आधी टोचीन, दुखीन, मंग नाही दुखणार, दोन-चार दिवस लुंगी घालाची. 'जरा मोठा होऊ द्या, त्याला समजू द्या' हे त्यांचं टुमणं असे. काही बाप ऐकत, काही खलीफाकडे जात.

हमीदभाईंचं टायर-पंक्चरचं दुकान आमच्या दवाखान्यासमोरच होतं. त्यांचा तीन वर्षांचा यूनुस हा त्या घरातला पहिला नातू. आजोबा, सगळे त्यांना अब्बाजी म्हणत, दम्याने खाटेला लागले होते. नातवाचा खतना डोळ्यांनी पाहायचा आणि मग डोळे मिटायचे, एवढं एकच त्यांचं मागणं. हमीदभाई पोराला घेऊन आले. डॉक्टर पाटावर बसले, "काय मालक" म्हणाले, आणि बोलता बोलता एकदम गप्प झाले. त्यांची नजर यूनुसच्या गुडघ्यावर होती. गुडघा टम्म फुगलेला. दंडावर निळे-काळे डाग.

"पडला का?"

"पोट्टा हाये डॉक्टरसाब, पडतच राह्यते," हमीदभाई म्हणाले.

डॉक्टर उठले. "जरा बुखार वाटून राह्यला. थांबा. पुढच्या महिन्यात पाहू."

ताप नव्हता. थर्मामीटर माझ्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी यूनुसची आई जैबून, स्वतःच्या डोकेदुखीचं निमित्त करून, एकटी आली. बुरख्याची जाळी वर करून तिने आधी दाराकडे पाहिलं. माझ्यासमोरच बोलली, कारण मी बाहेर जाऊ लागले तर तिने माझा हात धरून ठेवला. तिचे दोन भाऊ लहानपणीच गेले होते. एक खतना झाल्यावर रक्त थांबेना म्हणून, दुसरा दुधाचा दात पडल्यावर. पुढे तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगाही तसाच गेला. तेव्हा बहिणीच्या सासरच्यांनी 'या घराण्याचं रक्तच खराब' म्हणून तिला माहेरी आणून सोडलं, ती अजून तिथेच होती. जैबूनच्या लग्नाच्या वेळी यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "लेकराच्या बापाले सांगा लागते बाई."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. "आप बोलोगे तो मैं कल से किसके घर में रहूँगी?"

"मी तुमच्या भावांचं नाव नाही घेत. नुसतं रक्ताचं सांगतो."

"रक्ताचं नाव काढलं का बोट माह्या माहेराकडंच जाते, डॉक्टरसाब. काहीही सांगा. रक्ताचं नोका सांगू."

डॉक्टरांनी शब्द दिला. तिला सांगितलं, की पोराचा खतना मी करणार नाही, कुणाला करूही देणार नाही.

ती गेल्यावर ते कितीतरी वेळ खिशातलं घड्याळ काढून नुसतं हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, सांगितलं तं आई जाते. नाही सांगितलं तं पोरगा जाते. सांगा, कुठून निघू मी?"

पुढच्या खेपेला खोकल्याचं निमित्त करून त्यांनी यूनुसचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं. साध्या माणसाचं रक्त थोड्या वेळात खरवसासारखं थिजतं. डॉक्टर नळी तिरकी करून करून बघत होते. दुपारचे पेशंट संपले, बाहेर गुरं परतू लागली, तरी रक्त नळीत पाण्यासारखं हलत होतं. पुस्तकात या आजाराला हिमोफिलिया म्हणतात. आईकडून येतो, मुलग्यांना होतो. आमच्याकडे तेव्हा त्यावर काहीच औषध नव्हतं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातही खात्रीने देता येईल असं काही नव्हतं.

आणि मग सुरू झाली ती 'थांबा'ची वर्षं. कधी जंत झालेत म्हणून थांबा, कधी अंगात रक्त कमी आहे म्हणून, कधी गावात गोवर आहे म्हणून. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस; प्रत्येक वेळी खोटं बोलताना त्यांचा हात खिशातल्या घड्याळाकडे जाई. हमीदभाईंचा चेहरा दर खेपेला जास्त उतरलेला दिसे. दुकानावर येणारे-जाणारे बोलू लागले. "आपल्या लोकांची नसबंदी कराले याचे हात चालते, अन् खतना म्हटला का थांबा!" मग कुणी तरी वर तक्रार केली. साहेब चौकशीला आले.

"एका विशिष्ट समाजाच्या मुलाला तुम्ही मुद्दाम टाळता अशी तक्रार आहे."

"पोरगा कमजोर हाये साहेब."

"इतक्या वर्षांपासून? काय झालंय त्याला?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत उभे राहिले. खिडकीतून हमीदभाईंचं दुकान दिसत होतं. साहेबांनी जे सुनवायचं ते सुनवलं. जी दोन-चार घरं पोरं घेऊन आमच्याकडे यायची, त्यांनी यायचं बंद केलं. मुलं परत खलीफाकडे जाऊ लागली. म्हणजे एका पोरासाठी गप्प बसायचं, तर बाकीच्या पोरांच्या जखमा चिघळणार, हेही डॉक्टरांना कळत होतं.

एका शुक्रवारी ते मशिदीतल्या हाफिजजींना भेटायला गेले. परत आले ते हसतच, पण ते हसू बघवत नव्हतं. "मी त्याईले इचारलं, जिवाले धोका असन तं खतना नाही केला तं चालते का? ते म्हणाले, बेशक चालते, माफ हाये. मी म्हटलं, मंग समजावून सांगा ना लोकाईले. तं म्हणतेत, बच्चा किसका है? मी गप्प. ते म्हणाले, नाम नहीं बताओगे तो मैं किसको समझाऊँ?"

यूनुस सहा वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात अब्बाजींचा दमा फार वाढला. हमीदभाईंनी डॉक्टरांना न विचारता दिवस ठरवला आणि खलीफाला निरोप धाडला. त्या दिवशी सकाळी आमच्या बाहेर पेशंटची रांग लागली होती. मागच्या बाजूने, धानाच्या बांधावरून, जैबून धावत आली. अंगावर बुरखा नव्हता, पायांत चप्पल नव्हती. "ते बसलेत," एवढंच तिला बोलता आलं.

डॉक्टर रांग तशीच सोडून उठले. उकळलेल्या सुया आणि काचेच्या नळ्या डब्यात भरल्या आणि मला म्हणाले, "चला सिस्टर." रस्ता ओलांडताना ते जवळजवळ पळत होते. जैबून आमच्या आधी मागच्या दाराने घरात शिरली.

ओसरीवर दहा-बारा पुरुष बसले होते. यूनुसला नवा झब्बा घातलेला, गळ्यात फुलांचा हार. खलीफाने आपली पिशवी उघडून फडक्यावर सामान मांडलं होतं. अब्बाजी खाटेवर उशांना टेकून बसले होते. डॉक्टरांना बघून हमीदभाईंचा चेहरा कठोर झाला. "आज थांबा नोका म्हणू डॉक्टरसाब. आज नाही ऐकत मी."

"नाही म्हणत," डॉक्टर म्हणाले. "दाखवाले आलो. पाहून घ्या, मंग तुमाले कराचं ते करा."

ते यूनुससमोर जमिनीवर बसले. "मालक, जरा रक्त पायजे तुह्यं. सुई टोचीन, दुखीन. देशीन का?" पोराने बापाकडे पाहिलं, मग हात पुढे केला. मी रक्त काढलं आणि टोचलेल्या जागी कापूस दाबून धरला तो सोडलाच नाही. मग डॉक्टरांनी स्वतःची बाही वर केली. त्यांचंही रक्त मी दुसऱ्या नळीत घेतलं. "आता पाहा," ते म्हणाले.

इतका वेळ गप्प असलेले अब्बाजी तेव्हा बोलले. "हमीद का भी लो."

डॉक्टर घुटमळले. "त्याची गरज नाही अब्बाजी. माह्यं हाये ना."

"तुम्हारा किसलिए? बच्चा उसका है. लो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. जे टाळण्यासाठी त्यांनी स्वतःचं रक्त काढून घेतलं होतं, नेमकं तेच आता समोर आलं होतं. बापाचं रक्त थिजलं की बोट आईकडे जाणार. सगळ्यांच्या नजरा आमच्यावर होत्या. नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागणार. हमीदभाईंनी स्वतःच हात पुढे केला. मी तिसरी नळी भरली.

सगळे नळ्यांभोवती सरकून बसले. रस्त्यावरून ट्रक जात होते तेवढाच आवाज. डॉक्टरांनी थोड्या थोड्या वेळाने नळ्या तिरक्या करून दाखवल्या. आधी त्यांची थिजली, मागोमाग हमीदभाईंची. उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही. यूनुसची नळी तिरकी केली की रक्त इकडून तिकडे वाहत होतं. आणखी वाट पाहिली, तरी वाहतच होतं. सगळ्यात आधी खलीफाला समजलं. त्याने वस्तरा पुसला, पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "मेरे हाथ से नहीं होगा, मियाँ. अल्लाह माफ करे."

अब्बाजी नळ्यांकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून आतल्या दाराच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली जैबूनचे पाय दिसत होते, बांधावरच्या चिखलाने भरलेले. म्हाताऱ्याला सगळं उमगलं होतं.

"बहू को कोई कुछ नहीं बोलेगा," ते म्हणाले. "मैं जिंदा हूँ तब तक भी नहीं, मेरे बाद भी नहीं." मग डॉक्टरांकडे वळून, "इतनी सी बात बताने को इतने साल लगा दिए?"

डॉक्टरांकडे उत्तर होतं, पण ते पडद्यामागे उभं होतं.

परत येताना ते मला म्हणाले, "बाईले शब्द देल्ला होता सिस्टर. मोडला मी." पोरगा वाचला, असं मी म्हटलं. "हाओ. पर मोडला तं मोडलाच."

अब्बाजी त्या उन्हाळ्यात गेले. नातवाचा खतना पाहायचा राहिलाच. हमीदभाईंनी जैबूनला घराबाहेर काढलं नाही, म्हाताऱ्याचा शब्द त्यांनी पाळला. पण सगळा हिवाळा ते तिच्याशी बोलले नाहीत, असं शेजारच्या बाया सांगायच्या. आणि जैबून डॉक्टरांशी पुढे कधीच बोलली नाही. रस्त्यात दिसली तर बुरख्याची जाळी खाली ओढून घ्यायची. पोराला मात्र पाठवायची. गुडघ्यात रक्त साठलं की डॉक्टर त्याला पाय वर करून झोपवायचे, टपरीवरून बर्फ मागवायचे, आणि कुठे कापलं तर कसं दाबून धरायचं ते त्याचं त्याला शिकवायचे. "वस्तरा, कोयता, पत्रा, यातलं काही हातात घेशीन नोको," सांगायचे. त्यांनीच ओळखीच्या एका घड्याळवाल्याकडे त्याला शनिवार-रविवार काम शिकायला बसवायला सुरुवात केली.

यूनुस तेरा-चौदा वर्षांचा असेल. एक दिवस दुपारी पेशंट संपल्यावर तो एकटाच आला. उजवा गुडघा तोवर कायमचा वाकडा झाला होता. डॉक्टर पाटावरच बसलेले होते. तो उभाच राहिला.

"डॉक्टरसाब, माह्या खतना करून द्या."

डॉक्टरांनी मान वर केली.

"तलावावर पोट्टे आंघोळीले बोलावतेत, मी जात नाही. आमचे म्हणतेत तू आमच्यातला नाही, हिंदू पोट्टे म्हणतेत तू आमच्यातला बी नाही. लग्नात गेलो तं चचेरे भाई हसतेत. मले समजते, रक्त थांबत नाही ते. तरी बी करा. तुमी सगळ्याईले सांगता ना, मालकाले इचारा? मी सांगून राह्यलो."

"नाही करत बेटा."

"काहून? आंग माह्यं हाये."

"हाओ, तुह्यंच हाये. पर मालकच घराले काडी लावाले निघाला तं राखणदार माचीस नाही देत."

यूनुस दाराशी जाऊन वळला. मग म्हणाला, "मंग इचारता कायले?"

तो गेला. एक पाय ओढत रस्ता ओलांडताना तो खिडकीतून दिसत होता. डॉक्टर पाटावरून उठले नाहीत. मी सुया उकळायला ठेवल्या, उकळून झाल्या, पुसून डब्यात भरल्या, तरी ते तिथेच. "बराबर बोलला थो," एवढंच शेवटी म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी कुठल्याही लेकराला मालक म्हटलं नाही. नुसतंच विचारायचे, "कुठं दुखून राह्यलं?" आयांना फरक जाणवला नसेल. मला जाणवला.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या बाहेर, निवृत्तीच्या तोंडावर. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. सकाळच्या बसने निघाले. सोबत एक ट्रंक आणि वळकटी. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. तेवढ्यात समोरून यूनुस आला. आता चांगला तरणा झाला होता, दाढी फुटली होती, साकोलीला घड्याळ दुरुस्तीचं टेबल टाकलं होतं. काठी टेकत येऊन तो डॉक्टरांसमोर उभा राहिला. दोघंही काही वेळ बस येते का ते बघत राहिले.

"नाराज हायेस का माह्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

यूनुसने रस्त्यावरून नजर काढली नाही. "हाओ."

डॉक्टरांनी मान डोलावली. "राह्य. नाराज राह्य. पर राह्य."

बस आली. कंडक्टरने ट्रंक वर चढवली. डॉक्टर खिडकीशी बसले. यूनुस हलला नाही, हातही वर केला नाही. बस सुटली तेव्हा डॉक्टरांनी खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, त्यांची नजर यूनुसच्या तोंडावर नव्हती. ते त्याच्या गुडघ्याकडे बघत होते, आणि बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.